अकरा आसनांचं पायपिंग

आमच्या घरात झाकलेली नाही अशी वस्तू शोधावी लागेल. मिक्सरला झबलं आहे, टीव्हीला आहे, गॅसच्या सिलिंडरला घेरदार परकर आहे, आणि फ्रिजच्या मुठीला तर दोन कव्हरं आहेत, एक रोजचं आणि एक पाहुण्यांसाठी. रत्नागिरीत पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी धरते, त्यामुळे झाकाझाक सगळेच करतात. आमची झाकाझाक जरा खानदानी, कारण तिला पायपिंग असतं. म्हणजे कापडाच्या दोन थरांच्या शिवणीतून बाहेर डोकावणारी ती बारीक, गोल, वेगळ्या रंगाची कड. आत दोरी असते म्हणून ती उठून दिसते. घरी आलेलं माणूस हटकून त्या कडेवरून बोट फिरवतं आणि माझ्या बायकोला म्हणतं, "काय हात आहे हो तुमचा!"

बायको हसून चहा टाकायला आत जायची. मी पेपरात तोंड घालायचो. ती माझ्यासाठी गप्प बसायची. मीही माझ्यासाठीच गप्प बसायचो.

तर, ते पायपिंग मी करतो. हे एवढं सांगायला मला नऊ वर्षं लागली, यावरून बाकीच्या गोष्टी सांगायला मला किती जड जात असेल याचा अंदाज यावा.

नऊ वर्षांपूर्वी मला कावीळ झाली आणि महिनाभर मी घरी पडून होतो. मी बांधकामाच्या सरकारी कार्यालयात आरेखक. आयुष्यभर इतरांनी बांधायच्या पुलांच्या आणि कधीच न बांधल्या गेलेल्या पुलांच्या रेघा मारल्या. अशा माणसाला महिनाभर उसाचा रस देऊन कॉटवर टाकलं की तो घरातल्या रेघा बघायला लागतो. बायको तेव्हा कोचाच्या उशांची कव्हरं शिवत होती. तिला शिवण येतं, फॉल लावणं, परकर, झबली सगळं. पायपिंगच्या वाटेला ती पहिल्यांदाच गेली होती. उशीची कड गांडुळासारखी वळवळत होती. मी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "पट्टी चुकतेय."

"मग तुम्ही कापा," ती म्हणाली. बायका हे वाक्य म्हणतात ते आपण खरंच उठून कापावं म्हणून नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं. पण मी उठलो.

गंमत अशी, की पायपिंगची पट्टी कापडाच्या सरळ धाग्यावर कापली तर वळणावर येऊन अडून बसते, अगदी आमच्या खात्यासारखी. ती तिरकी कापावी लागते. त्याला उरेब म्हणतात. बायका अंदाजाने घडी घालून उरेब काढतात. मी दप्तरातून पंचेचाळीस अंशाचा गुण्या काढला. टोकदार पेन्सिलीने दीड-दीड इंचावर रेघा मारल्या. पट्ट्या जोडल्या, आत दोरी ठेवली, मशीनला सुईखाली कापड दाबणारा, एका बाजूचं बोट नसलेला अर्धा पाय बसवला आणि दोरीला चिकटून टीप घातली. कोपऱ्यावर पट्टीला चार बारीक चिरा दिल्या. कड अशी वळली की मला आपल्या काविळीचं भान राहिलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी काढलेली एक रेघ प्रथमच जशीच्या तशी प्रत्यक्षात आली होती.

बायको बघत राहिली. म्हणाली, "तुमचं आयुष्य फुकट गेलं हो ऑफिसात."

यावर मी जे बोललो ते असं: "कुणाला सांगू नकोस."

रत्नागिरीतले सगळे शिंपी पुरुष आहेत हे मला माहीत होतं. पण पुरुष दुकानात बसून शिवतो तेव्हा तो धंदा असतो. तोच घरात बायकोच्या माहेरून आलेल्या मशीनवर बसून मिक्सरचं झबलं शिवायला लागला की त्याच्या आवाजापासून चालण्यापर्यंत सगळ्याची चौकशी सुरू होते, निदान माझ्या डोक्यात तरी सुरू झाली. साहेबांपुढे फाईल धरून सव्वीस वर्षं कमरेत वाकलो, त्याची कधी लाज वाटली नाही. मशीनवर वाकायची वाटली. मान-अपमान ही अशी मोठी शास्त्रशुद्ध गोष्ट आहे.

मग रविवारी दुपारी खिडक्या लावून माझा कारखाना चालायचा. बेल वाजली की मी पाय थांबवायचो आणि बायको दार उघडायची. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, "अगं, आत्ता तर मशीन चालू होतं. दारात इतक्या झटकन आलीस कशी?" बायको म्हणाली, "बेल ऐकून धावले हो." तिच्या खोट्याला माझ्या टिपेसारखी सफाई नव्हती. पण काकूंना उशीच्या कव्हरात रस होता.

आता वहिनी. माझे मोठे दादा आणि वहिनी जवळच पावस गावी असतात. आंब्याची कलमं, घर, देवघर, आणि भाद्रपदात दीड दिवसाचा गणपती, ज्यासाठी आम्ही सगळे तिकडे जमतो. घर कडक शाकाहारी. माझी बायको मासे खाणाऱ्या घरातली. आमचं लग्न आम्ही ठरवलं तेव्हा पावसला कुणी आरडाओरडा केला नाही. आमच्यात आरडाओरडा करत नाहीत, नुसतं "बरं" म्हणतात. ते "बरं" पुढे वर्षानुवर्षं पुरतं.

बायकोने लग्नाच्या दिवसापासून मासे सोडले. मी सांगितलं नव्हतं. "सोडू नकोस" असंही सांगितलं नव्हतं. पहिल्या गणपतीला वहिनींनी तिला पडवीत नारळ खवायला बसवलं. चारेक वर्षांनी ती भाज्या चिरण्यापर्यंत आत आली. मग वाटण. मग पुरण. असं इंचाइंचाने सरकत चौदाव्या की पंधराव्या वर्षी वहिनी म्हणाल्या, "यंदा मोदकाची उकड तू काढ गो." गणपतीचा नैवेद्य तिच्या हातचा. त्या दिवशी ती परतीच्या एसटीत खिडकीशी बसून गुणगुणत होती. पुढे चार गणपती उकड तीच काढत होती.

पाचव्या गणपतीच्या आधीच्या उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. अथर्वशीर्षाच्या आवर्तनाला अकरा जण बसतात, त्यांना एकसारखी आसनं हवीत. "तुझ्या हातची ती कड घाल गो त्यांना, लाल."

अकरा आसनं म्हणजे चव्वेचाळीस कोपरे. मी हरखून गेलो. अडचण एकच होती, दोरी. पायपिंगमध्ये सुती दोरी घालतात. सुती दोरी धुतली की आटते, आणि आपल्या हवेत पाणी पिऊन फुगते. दोन पावसाळ्यांत कड वाकडी. बाकीच्या माणसांना हे चालतं. मला, पंचेचाळीस अंशांच्या माणसाला, कसं चालेल? एका संध्याकाळी बंदरावर फिरायला गेलो असताना एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याच्या मांडीशी हिरव्या नायलॉनच्या दोरीचं रीळ. बारीक, गोल, घट्ट विणीची, आटत नाही, कुजत नाही, फुगत नाही. मी त्याला विचारलं, हे रीळ देतोस का?

"होडी घेतलात काय साहेब?" तो म्हणाला.

"नाही. जरा काम आहे."

"नवी मिळतात दुकानात. ही वापरातली हाय."

"तीच दे." वापरून मऊ झालेली दोरी चांगली वळते, हे माझ्या हाताला कळलं होतं. केवढी ही कारागिरी! घरी आणून साबणाच्या पाण्यात दोनदा भिजवली, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर तीन दिवस वाळवली. नाकाजवळ धरली. काही नाही. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "देवाच्या आसनाला?" आणि माझी सरळ कड राहून गेली असती.

आसनं देखणी झाली. वहिनींनी एकेक उलटून पाहिलं आणि माझ्या समोर माझ्या बायकोला म्हणाल्या, "तू नशीब काढलंस भावोजींचं." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

मग भाद्रपद आला. बाहेर धो धो पाऊस, आत समया, उदबत्त्या, आणि अकरा आसनांवर अकरा घामेजलेली माणसं दोन तास मांडी घालून. आवर्तनं संपता संपता एक वास यायला लागला. मग जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. शेवटी वहिनींनी एक आसन उचललं, हुंगलं, आणि माझ्या बायकोपुढे धरलं.

"काय गो, घरी मासळी शिजवायला लागलीस?"

"नाही हो ताई."

"लागलीस तर लागलीस. तुझं घर आहे. पण त्याच हाताने देवाचं शिवायचं नाही गो."

"ताई, शपथ घेते. लग्न झाल्यापासून मासळीला शिवले नाहीये मी."

"मग हे आसन काय समुद्रात पोहून आलं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला दोरीचं ठाऊक नव्हतं. पण आसनं तिने शिवली नव्हती, एवढं तर ठाऊक होतं. "मी शिवलीच नाहीत" हे तीन शब्द बोलून ती मोकळी होऊ शकत होती. ती बोलली नाही, कारण मी एकदा "कुणाला सांगू नकोस" म्हणालो होतो.

आणि मी काय केलं? मी समईची वात पुढे सारली. फार बारकाईने सारली.

दुपारी वहिनींनी उकड स्वतः काढली. बायको पडवीत नारळ खवत होती. एकोणीस वर्षांची चाल एका सकाळीत उलटी. परतीच्या वाटेवर तिने मला विचारलं, "वास कसला आला असेल हो?" मी म्हटलं, "दमट हवा. कापडाला येतो कधीकधी." हे मी तिच्या तोंडावर सांगितलं. पुढचा चौक येईपर्यंत मला ते थोडंफार खरंही वाटायला लागलं होतं.

त्यानंतर चार वर्षं हेच. दर गणपतीला वहिनी अगदी प्रेमाने म्हणायच्या, "तू बस गो बाहेर वाऱ्यावर, आत फार धग आहे." शाकाहारी माणसं कुणाला दुखवत नाहीत. मी दर वर्षी ठरवायचो की यंदा सांगायचं. पण पहिल्या वर्षी लाज होती, दुसऱ्या वर्षी "आता कशाला उकरायचं" होतं, तिसऱ्या वर्षी तर मला वाटायला लागलं की बायकोला पडवीतच बरं वाटतं. तिथे वारा असतो ना.

यंदाच्या जूनमध्ये मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळायला बसली होती. परातीत पीठ, बाजूला पाणी, आणि ती दोन्ही हात नाकाशी धरून डोळे मिटून हुंगत होती. आधी तळवे, मग बोटं, मग नखांच्या कडा.

"काय झालं?"

ती दचकली. "काही नाही. वास येतोय का बघत होते."

"कसला?"

"ताई म्हणाल्या तेव्हापासून सवय लागलीय. लहानपणी माझ्या आईच्या हातांना कायम यायचा, कितीही साबण लावला तरी. म्हटलं, माझ्याही हातातून आतून जात नसेल. आपला आपल्याला कळत नाही ना."

चार वर्षं. रोज दोन वेळा. माझ्यासारख्याच्या घरात राहून तिने संशय घ्यायचा तर स्वतःच्या हातांचा घेतला.

एखादा माणूस तिथेच सांगून मोकळा झाला असता. मी पाणी पिऊन बाहेर आलो. खात्यात पुलाला तडा गेला की आम्ही आधी पाहणीची तारीख ठरवतो. मीही ठरवली, गणपतीच्या आदल्या दिवसाची. तोवर अडीच महिने ती हात हुंगत राहिली आणि मी ते बघत राहिलो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून कुणी मला धीराचा समजेल.

आदल्या दिवशी पावसला मखराचं काम चाललं होतं. ती आसनं वहिनींनी टाकली नव्हती. आंब्याच्या खोलीत होती, हंगामात आंबे निवडणाऱ्या बायकांना बसायला. कापड विटलं होतं, फाटलं होतं. कड तशीच होती, चव्वेचाळीस कोपरे ताठ. बायकोचं नाव गेलं, माझं पायपिंग मात्र जागचं हललं नव्हतं. मी एक आसन उचलून ओटीवर आणलं. दादा आणि वहिनी मखराला कागद चिकटवत होते. दाढीच्या ब्लेडने कडेची टीप उसवली आणि आतली दोरी ओढून काढली. हिरवीगार.

"ही तर जाळ्याची दोरी," दादा म्हणाले.

"हो. बंदरावरनं आणलेली. वापरलेली. वास तिचा होता. आणताना मी हिला विचारलं नव्हतं."

वहिनींनी दोरी हातात घेतली, हुंगली आणि लांब धरली. "म्हणजे देवासमोर अकरा जणांना तुम्ही जाळ्यावर बसवलंत, भावोजी?"

"हो."

"आणि हिने ती शिवली? डोळे मिटून?"

"हिने नाही. मी शिवली. सगळी मीच शिवतो. उशा, पिशव्या, सगळं."

मला वाटलं, आता माझा निकाल लागणार. दादांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "तू? मशीनवर?"

"हो."

"पायाने चालवतोस?"

"हो, दादा."

दादा हसायला लागले ते थांबेचनात. वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या. "अरे, मग माझ्या आरामखुर्चीलाही घाल की कड. झालर पण लाव!" ज्याला घाबरून मी एका माणसाला चार वर्षं पडवीत बसवलं, ते हे एवढंच होतं. दहा मिनिटांचं हसू. त्यात दोरीचा विषय बाजूलाच पडला आणि बायकोचा तर कुणाला सुचलासुद्धा नाही.

ती पलीकडे पडवीत नारळ खवत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, कारण मध्ये नुसती कुडाची भिंत आहे. हसून झाल्यावर वहिनी तिच्याकडे गेल्या. मी मागे उभा.

"ऊठ गो. उद्याची उकड तू काढ. झालं ते झालं, कळलं ना आता सगळं."

बायकोने विळीवरून नारळाची वाटी बाजूला केली. "नको, ताई."

"अगो, रागावलीस होय? भावोजींनी स्वतः सांगितलं ना."

"तेच तर. मी त्याच दिवशी सांगितलं होतं, शपथेवर. तेव्हा नाही पटलं तुम्हाला. यांनी चार वर्षांनी सांगितलं, तर हसत हसत पटलं."

बायकोने पुढची वाटी घेतली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्यानंतर तीन आठवडे पाहिलं नाही. जेवण वाढायची, पण ताटाकडे बघून. मी "चुकलं" म्हटलं. ती "हो" म्हणाली. मी आणखी काही सांगायला लागलो तर म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला वास कसला म्हणून विचारलं होतं. तेव्हाचं उत्तर तेवढं परत घ्या, बाकीचं राहू दे." ते कसं परत घेतात ते मला अजून माहीत नाही.

आता मी खिडक्या उघड्या ठेवून शिवतो. काकूंनी खिडकीतून पाहिलं, बायकोला विचारलं, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "त्यांनाच विचारा." काकूंनी विचारलं. मी सांगितलं. काकूंनी दोन गाद्यांची कव्हरं शिवायला टाकली. एवढ्यावर निभावलं. एवढ्यावरच निभावणार होतं, तेव्हाही.

दिवाळीनंतर पावसहून फोन आला. वहिनी. मला वाटलं, आसनांचं काही असेल. म्हणाल्या, "भावोजी, ती घरी असते ना मंगळवारी?" मंगळवारी सकाळच्या एसटीने आल्या. इतक्या वर्षांत त्या आमच्याकडे लग्नकार्याशिवाय एकट्या कधी आलेल्या नाहीत. हातात काही नव्हतं, आंबावडी नाही, सांदणं नाही, नुसती पर्स. माझी नेमकी रजा होती. दार मी उघडलं.

"आत आहे ती," मी म्हटलं.

"तुम्ही तुमचं काम करा," त्या म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटलं.

मी मशीनवर बसलो. काकूंच्या गादीचा कोपरा आला होता. आतून सुरुवातीला कपबशीचा आवाज आला. मग वहिनींचा आवाज, पण हळू, त्यांचा आवाज एवढा हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मध्येच बायको काहीतरी बोलली, लांबलचक. शब्द कळेनात. कोपरा अर्धा वळवून मी पाय थांबवला आणि कान दिला.

"अहो," आतून बायकोने हाक मारली, "मशीन चालू राहू दे."

मी पाय चालवायला लागलो.